जुन्या गाडीची सीट, चामडं आणि आपण



गेल्या वेळी उन्हाळ्याच्या सांडग्यांबद्दल लिहिलं होतं. आज विषय एकदम वेगळा आहे. गाडीच्या सीटचा! "हा काय बायकांचा विषय?" असं म्हणून पान बंद करू नका. सीट, गालिचा, ओल, बुरशी, शिवण, किडामुंगी, सगळा आपल्याच हातातला मामला आहे. आणि त्यात आपल्या धर्माचा एक प्रश्न असा दडलेला होता, की दोन वर्षं मी त्याच्याकडे पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. ते आधी कबूल करते आणि मग माझं मत सांगते.

इंग्लंडला आल्यापासून आमच्या ह्यांच्या मनात एक जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती घेतली. १९६८ सालची एमजीबी. दोन जागा, वर कापडी टप, पुढे लांब बॉनेट. तुमच्याकडे रस्त्यावर हेक्टर नावाची मोठी गाडी दिसते ना, तिच्यावर जे एमजी नाव आहे तेच हे नाव, पण ही तिची आजी म्हणायची. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ह्या एमजीबी तयार झाल्या, पाच लाखांहून जास्त. म्हणून आजही इथे त्या पुष्कळ दिसतात आणि तिचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक रबर नवीन मिळतं. जुनी गाडी घरी दुरुस्त करायची हौस असणाऱ्यांची ती म्हणूनच लाडकी.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच आलं. चार माणसांच्या घरात दोन जागांची गाडी! पण लेकीला ती फार आवडली. बाप-लेक शनिवारी गॅरेजमध्ये, मी घरात, असं चाललं होतं. त्या गाडीची सीट चामड्याची आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वासच सांगतो. मी वीस वर्षांत चामड्याची पर्स घेतली नाही, चप्पल घेतली नाही, ह्यांचा कमरेचा पट्टासुद्धा कापडी. आणि ह्या सीटवर मात्र मी दोन वर्षं बसले. मनाशी म्हणत होते, "आपण कुठे घेतलं? गाडीबरोबर आलं. गाय मरून पंचावन्न वर्षं झाली."

सख्यांनो, सोयीचं उत्तर मिळालं की आपण पुढे विचार करत नाही.

गेल्या वर्षी सासूबाई सहा महिने इथे आल्या. एका रविवारी लेस्टरच्या जैन मंदिरात जायचं होतं. ऊन चांगलं पडलेलं, म्हणून हे कौतुकाने म्हणाले, "आई, आज तुम्हाला माझ्या गाडीतून नेतो." सासूबाई गाडीजवळ आल्या, सीटवर हात ठेवला आणि मागे घेतला.

"चामड्याची हाय न्हवं ही?"

"हो आई, पण जुनी आहे. त्यावर टॉवेल टाकतो."

"टॉवेल टाकून काय होतंय? झाकलं म्हणून वस्तू बदलत न्हाई. पट्टा बाहेर काढून देवळात जायचं आणि देवळापर्यंत चामड्यावर बसून जायचं? मी आपली त्या दुसऱ्या गाडीतनं येते."

रागावल्या नाहीत, उपदेश केला नाही. दुसऱ्या गाडीत जाऊन बसल्या. पण माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात "तुला तर माहीत होतं" एवढंच होतं. तो रविवार माझा वाईट गेला.

त्यात नेमकी महिन्याभरात ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवली. आतला फोम पिवळा पडून भुगा होऊन बाहेर यायला लागला. बसलं की साडीला, पँटला पिवळी पूड. सीट नवीन करणं आलंच. हे एका कारागिराकडे विचारायला गेले. त्याने सांगितलं, "चामड्याचीच करा. ही गाडी चामड्याची आली होती. रेक्झीन लावलंत तर गाडीची किंमत पडेल." आणि जो आकडा सांगितला त्यात आम्हा दोघांची कोल्हापूरला जायची-यायची विमानाची तिकिटं आली असती.

घरी वाद झाला. हे म्हणाले, "जुनी गाडी सांभाळायची म्हणजे जशी होती तशी सांभाळायची. नाहीतर कशाला सांभाळायची?" मी म्हणाले, "पंचावन्न वर्षांपूर्वीचं चामडं होतं त्याबद्दल मी गप्प बसले, ती माझी चूक. पण आता आपण नवीन मागवायचं म्हणजे आपल्यासाठी मागवायचं. हे वेगळं आहे."

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे, कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला मान डोलावली, तिन्हींचा दोष लागतो. जुन्या सीटवर बसून मी मान डोलावतच होते, पण नवीन मागवलं असतं तर ते सरळ कारित झालं असतं. पैसे आमचे, मागणी आमची. घरात चूल पेटवताना, केर काढताना, शेतात नांगर चालवताना जी हिंसा होते ती श्रावकाला पूर्ण टाळता येत नाही, म्हणून आपण तिला आरंभी, उद्योगी म्हणतो आणि जपून वागतो. पण शोभेच्या सीटसाठी चामडं? त्याला कुठलं नाव देणार?

ह्यांना धर्म सांगून पटणार नाही हे मला माहीत होतं. आमचे हे पूजेला येतात, पण वाद घालताना इंजिनिअर असतात. म्हणून मी त्यांच्याच रस्त्याने गेले. त्यांची एमजीबीची पुस्तकं काढली आणि दुपारी एकेक वाचली. आणि बायांनो, काय सापडलं ऐका.

पहिली गोष्ट. "मूळ चामड्याची" म्हणतात त्या सीटचा फक्त बसायचा आणि टेकायचा दर्शनी भाग चामड्याचा असे. बाजू आणि पाठ कारखान्यातूनच रेक्झीनच्या, म्हणजे इथले लोक ज्याला व्हिनाइल म्हणतात त्याच्या. दारांच्या आतले पत्रेही रेक्झीनने मढवलेले. म्हणजे आमची गाडी आधीच अर्ध्याहून जास्त रेक्झीनची होती!

दुसरी गोष्ट. १९७० च्या सुमारास कंपनीने स्वतःच चामडं सोडून पूर्ण रेक्झीनच्या सीट द्यायला सुरुवात केली. शेवटच्या काही वर्षांत तर पट्ट्यापट्ट्यांच्या नायलॉनच्या कापडाच्या सीट आल्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या आरामखुर्च्यांसारख्या. म्हणजे बिनचामड्याची एमजीबी ही काही आमची जैन कल्पना नव्हे, खुद्द ॲबिंग्डनची आहे. "मूळ, मूळ" म्हणून ज्याचा हट्ट चालला होता ते मूळ इतकंच होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मला अजिबात माहीत नव्हती. चामडं एकदा घेतलं आणि झालं असं नसतं. ते कोरडं पडून भेगाळू नये म्हणून वर्षातून एक-दोनदा त्याला काहीतरी चोळावं लागतं. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जाणारं नीट्सफूट तेल गाईबैलांच्या पायांच्या हाडांपासून काढतात. बाकीच्या मलमांत बऱ्याचदा लोकरीतून निघणारं लॅनोलिन असतं, नाहीतर मधमाशीचं मेण. आमच्या गॅरेजच्या फळीवर अशा दोन बाटल्या होत्या. मी रोज तिथून धुण्याची बादली नेत होते. बिस्किटाच्या पुड्यावरचं मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचणारी मी, त्या बाटल्या कधी उलट्या करून पाहिल्या नाहीत.

ही तिसरी गोष्ट सांगितल्यावर हे गप्प झाले. मग म्हणाले, "ठीक आहे. रेक्झीन. पण शिवून-चढवून कोण देणार? तो कारागीर तर करणार नाही." मी म्हणाले, "आपण."

तर माझं पहिलं मत हे. घरातल्या वस्तूची दुरुस्ती, मग ती गाडी का असेना, जमेल तेवढी स्वतः करावी. पैसे वाचतात हे खरंच, पण मुख्य कारण तुम्ही हाताने केलं की आत काय आहे ते कळतं, हे आहे. दुसऱ्याच्या हाती दिलं की "मला काय माहीत" म्हणायची सोय होते. आपल्या स्वयंपाकघरात आपण हे पाळतोच. पाणी आपण गाळतो, धान्य आपण निवडतो. बाहेरच्याने निवडलेल्यावर विश्वास का ठेवत नाही? कारण निवडताना डोळे आपले हवेत.

ह्याचा अनुभव लगेच आला. रेक्झीनची शिवलेली तयार कव्हरं मिळतात, ती मागवली. एका दुकानाने पाठवलेल्या खोक्यावर नाव बरोबर होतं, पण उघडल्यावर मला वास वेगळा वाटला. लेकीने कव्हर उलटं केलं. आतून पाहिलं तर दर्शनी भागाची मागची बाजू केसाळ, साबरासारखी. रेक्झीन उलटं केलं तर मागे विणलेलं कापड दिसतं. हा फरक लक्षात ठेवा, पर्स घेताना, सोफा घेताना उपयोगी पडेल. कापलेली कड पाहा. तंतू तंतू सुटलेले असतील तर चामडं, वर गुळगुळीत थर आणि खाली कापड असेल तर रेक्झीन. आम्ही ते परत पाठवलं, त्यांनी बदलूनही दिलं. कारागिराकडे दिलं असतं तर ते चढवून आलं असतं आणि आम्ही आनंदाने त्यावर बसलो असतो.

आता काम. सीट चार बोल्टांवर पट्ट्यांना बसवलेली असते. पट्ट्यांच्या खाली लाकडाच्या चपट्या काड्या असतात. बोल्ट गंजलेले होते. घाई केली तर बोल्टाचं डोकं तुटतं किंवा जमिनीच्या पत्र्यातला नट सुटून फिरायला लागतो. म्हणून आदल्या दिवशी गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू पाना फिरवला. सीट बाहेर आल्या. खालच्या लाकडी काड्या ओल्या बिस्किटासारख्या झालेल्या.

जुनं कव्हर काढताना एकेक पायरीचा लेकीने मोबाइलवर फोटो काढला. हे फार कामाला येतं. आत ताणलेलं रबर असतं, त्यावर फोम. रबर कडक होऊन तडकलं होतं, तेही बदललं. नवीन फोमवर नवीन कव्हर चढवताना मात्र आम्ही दोघींनी हार मानायची वेळ आली होती. रेक्झीन फोमवर सरकतच नाही. मग फोमवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घातली, कव्हर केस वाळवायच्या यंत्राने कोमट केलं, आणि उशीला तंग अभ्रा चढवतो तसं कोपरे आधी बसवून खाली ओढत आणलं. कोपरे बसले की बाकी येतं. सुरकुत्या राहिल्या त्या पुन्हा कोमट करून तळव्याने सारल्या. वाकळ शिवताना आजी चारी कोपरे धरून बसवायची, मधलं आपोआप बसतं म्हणायची. अगदी तेच. पहिल्या सीटला पूर्ण दिवस गेला, दुसरीला तीन तास.

चिकटवायच्या जागी लावतात त्या गोंदाचा वास डोक्यात जातो. गॅरेजचं दार उघडं ठेवून, मध्ये मध्ये बाहेर येऊन काम करा. एवढी गोष्ट विसरू नका.

स्टिअरिंगला आधीच्या मालकाने चामड्याचं वेष्टण दोरीने गुंफून बसवलं होतं. तेही उसवून काढलं. खाली मूळचं साधं काळं चाक निघालं, आणि ह्यांना तेच जास्त आवडलं!

सीट बाहेर निघाल्या म्हणून गालिचाही उचलला आणि तिथे दुसरा धडा मिळाला. गालिच्याखालचं नमद्यासारखं अस्तर पिळून पाणी निघेल इतकं ओलं. त्यात लाकूडकिडे, कोळी, चंदेरी कसर, एका कोपऱ्यात बुरशीचा पांढरा थर. हे म्हणाले, "फवारा आणतो." मी म्हणाले, "थांबा."

ओल तिथे जीवोत्पत्ती, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पापड नीट वाळला नाही तर काय होतं, डाळीच्या डब्याला ओला हात लागला तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. फवारा मारून आजचे जीव जातील. ओल राहिली तर पुढच्या महिन्यात दुसरे होतील, मग पुन्हा फवारा. म्हणजे दरवेळी हिंसा, आणि मूळ कारण तसंच. त्यापेक्षा ओल कुठून येते ते शोधायचं. आपल्या यत्नाचाराचा अर्थ मला त्या गॅरेजमध्ये नव्याने कळला. किडा दिसल्यावर हळहळायचं एवढाच तो नाही. किडा होऊच नये अशी व्यवस्था आधी करायची.

गालिचा गॅरेजच्या आत झटकला नाही. सावकाश उचलून बागेत झाडाखाली पालथा घातला, अर्धा दिवस तसाच ठेवला. बहुतेक जीव आपापले निघून गेले. उरलेले मऊ कुंच्याने सारले. मग वाळवला.

आता पाणी. ह्या गाडीत काचेच्या पुढे, बॉनेटच्या मागे एक जाळी असते. तिच्यातून हीटरसाठी हवा आत जाते आणि पावसाचं पाणीही जातं. ते पाणी बाहेर पडायला तळाला एक नळी असते. तिच्यात पानं, चिखल अडकला की पाणी तुंबतं आणि हीटरमधून पायाशी उतरतं. आमच्या नळीतून काळ्या चिखलाचा गोळाच निघाला. एक लवचीक प्लॅस्टिकची वायर हळूहळू फिरवून ती मोकळी केली, वरून तांब्याने पाणी ओतलं, खाली धार आली तेव्हा लेकीने टाळी वाजवली. आपल्या मोरीचं तोंड साफ करतो त्याहून काही वेगळं नाही.

दारांचंही तसंच. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, ते खालच्या बारीक भोकांतून बाहेर पडायला हवं. भोकं बुजली की दार आतून गंजतं. आणि दाराच्या आतल्या पत्र्यावर मढवलेला पुठ्ठ्यासारखा तक्ता असतो, तो ओलीने फुगून वाकतो. त्याच्या मागे प्लॅस्टिकचा कागद लावलेला असायला हवा. आमच्या गाडीत तो कुणीतरी फाडून टाकलेला होता. स्वयंपाकघरातल्या फडताळाला घालतो तसला जाड कागद कापून चिकटवला. खर्च जवळजवळ शून्य.

जुनं अस्तर पुन्हा घातलं नाही. ते पाणी धरून ठेवतं आणि खालचा पत्रा कुजवतं. त्याऐवजी पाणी न शोषणारा फोमचा ताव घातला. गालिचा चिकटवून टाकायच्या ऐवजी बटणांवर बसवला, म्हणजे वर्षातून दोनदा उचलून पाहता येतो. आम्ही दिवस ठरवून टाकला आहे. एकदा चातुर्मास लागायच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत.

कापडी टपाबद्दल एक सांगते. थंडीत टप घडी करू नका, मागची प्लॅस्टिकची काच तडकते. ओला असताना तर मुळीच नको, आत बुरशी धरते. आणि त्या प्लॅस्टिकच्या काचेला घरातल्या काचेचा फवारा लावू नका, ती धुरकट होते. साधं साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड. जुनी सुती साडी त्याला उत्तम.

स्वतः करायचं म्हणजे सगळंच स्वतः करायचं असं मात्र माझं म्हणणं नाही. पत्रा ठोकून पाहताना एका जागी पेचकस आत गेला. ते वेल्डिंगचं काम, ते जाणत्याकडे दिलं. सीटबेल्टच्या पट्ट्या विरल्या असतील तर शिवायच्या नाहीत, रंगवायच्या नाहीत, बदलायच्याच. ब्रेकला हात लावायचा नाही. डॅशबोर्डमागच्या वायरींना हात लावण्याआधी बॅटरी सोडवायची. आमच्या गाडीत सीटच्या मागे फळीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, ते माहीत नसेल तर माणूस बॉनेट उघडून शोधत बसतो. ज्या कामात चूक झाली तर जिवाशी गाठ आहे, तिथे हौस नको.

आता एक प्रश्न असा आहे ज्याचं उत्तर अजून माझ्याकडे पूर्ण नाही. काढलेल्या जुन्या चामड्याचं काय करायचं? हे म्हणाले, "विकू. जुन्या चामड्याला गिऱ्हाईक आहे." सासूबाई फोनवर म्हणाल्या, "चामड्याचा पैसा घरात नको." मला वाटलं, फेकून दिलं तर त्या जनावराचं जे काही उरलं आहे तेही कचऱ्यात. शेवटी ह्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे तशीच गाडी आहे, ते नवीन चामडं आणणारच होते. त्यांना आमचं फुकट दिलं, त्यातून त्यांचे दोन भाग निघाले. तेवढं नवीन कमी लागलं. सासूबाईंना हेही फारसं पटलेलं नाही. "दिलंस म्हणजे वापरायला दिलंसच की," म्हणाल्या. त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्यापैकी कुणी ह्यावर महाराजांना विचारलं तर मला जरूर सांगा.

दुसरा आक्षेप तुमच्या मनात आला असेल, तो माझ्याही मनात येतो. मुळात अशी गाडी हा परिग्रहच नाही का? रविवारी उगीच फिरायला पेट्रोल जाळायचं म्हणजे अनर्थदंड नाही का? आहे. मी त्याला दुसरं नाव देणार नाही. रेक्झीनसुद्धा शेवटी पेट्रोलियमचंच. पण परिग्रह-परिमाणाचा अर्थ मी असा घेते, की आहे त्याला मर्यादा घालायची आणि आहे ते नीट सांभाळायचं. आम्ही ठरवलं आहे, ही एकच, दुसरी नाही. आणि महिन्यातून मोजके दिवसच बाहेर काढायची. गंजून भंगारात गेली असती ती वस्तू एकाच्या हौसेची आणि एकीच्या शाळेची झाली. शाळाच म्हणते, कारण लेकीला पाना धरता येतो, शिवण ओळखता येते, आणि बाटली उलटी करून मागचं वाचायची सवय लागली.

तुमच्याकडे स्पोर्ट्स कार नसेल, पण गाडी असेलच. नवीन घेणार असाल तर एवढं पाहा. माहितीपत्रकात लेदरेट लिहिलं असेल तर ते कृत्रिम. लेदर फेस्ड म्हणजे तुमच्या अंगाला लागणारा भाग चामड्याचा. सीट कापडाची असली तरी स्टिअरिंग आणि गिअरची मूठ चामड्याने मढवलेली असू शकते, ते मुद्दाम विचारा. आणि पाऊस संपला की गालिचा उचलून पाहा. वीस मिनिटांचं काम आहे. दुकानदाराला विचारायला, गॅरेजवाल्याला विचारायला लाजू नका. चार चौघांत भाजीत कांदा-लसूण आहे का हे आपण न लाजता विचारतो, मग हे का नाही?

ह्या वर्षी सासूबाई पुन्हा आल्या आहेत. गेल्या रविवारी ऊन होतं. मी गाडी दारात आणली. त्यांनी सीटवर हात ठेवला, शिवणीवरून अंगठा फिरवला, खाली वाकून कडेने उलटं कापड दिसतंय का ते बघितलं. माझ्यावर भरवसा न ठेवता स्वतः बघितलं, आणि मला ते आवडलं.

"कोपरा जरा वाकडा बसलाय," म्हणाल्या.

"पहिली सीट होती आई ती."

"असू दे. चल." पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि बसल्या.

हे आणि लेक मागून दुसऱ्या गाडीने आले.

जयजिनेंद्र.